रस्ता कधी विसरायचा? रेषा-समाकल आणि दोन टोकांचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण सदिश क्षेत्र म्हणजे काय ते पाहिलं. प्रतलातल्या प्रत्येक बिंदूवर एक बाण उभा आहे, त्याला दिशा आहे आणि लांबी आहे, असं चित्र आपण फळ्यावर काढलं होतं. आज त्या बाणांमधून चालत जायचं आहे. चालताना एक हिशेब ठेवायचा आहे. आणि शेवटी हे ठरवायचं आहे की हा हिशेब ठेवताना रस्ता लक्षात ठेवावा लागतो, की नुसती दोन टोकं सांगितली तरी भागतं.

विषय सोपा वाटतो. पण दरवर्षी पेपर तपासताना आम्हाला दिसतं की मुलं इथे दोन्ही बाजूंनी चुकतात. जिथे रस्ता विसरला तर चालतं, तिथे दोन पानं भरून रस्त्याचा हिशेब करतात. आणि जिथे विसरून चालत नाही, तिथे नेमका विसरतात.

वाटेवरचा हिशेब

आधी रेषा-समाकल म्हणजे काय, ते पाहू. वर्गात आपण त्याला सरळ लाइन इंटिग्रल म्हणतो. समजा एका वक्रावरून तुम्ही अ पासून ब पर्यंत चालला आहात. वक्राचे अगदी बारीक तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर तुमचं पाऊल कुठल्या दिशेला पडलं ते बघा आणि तिथला बाण कुठल्या दिशेला आहे ते बघा. बाणाचा जेवढा भाग पावलाच्या दिशेत येतो तेवढाच घ्यायचा आणि त्याला पावलाच्या लांबीने गुणायचं. बाण पावलाच्या दिशेत असेल तर जमा, उलट असेल तर खर्च, काटकोनात असेल तर शून्य. अशा सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे रेषा-समाकल. बाण बलाचे असतील तर या बेरजेला भौतिकशास्त्रात कार्य म्हणतात.

आता उदाहरण घेऊ, आपल्याच वाटेवरचं. मुंबईहून सोलापूरला येणारी गाडी.

बोरघाटाच्या तीन वाटा

मुंबईकडून निघालेला रूळ सोलापूरला पोचला १८६० मध्ये. पण गंमत अशी की तेव्हा मधला बोरघाट तयारच नव्हता. खंडाळ्याच्या वरचा भाग पुण्यापर्यंत १८५८ मध्ये सुरू झाला होता, खालचा भाग घाटाच्या पायथ्यापर्यंत होता, आणि मधला चढ प्रवासी पालखीतून किंवा पायी करत. घाटातला रूळ सुरू झाला १८६३ मध्ये. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या अंतरात १,८३१ फूट, म्हणजे अंदाजे ५५८ मीटर चढ. काही ठिकाणी ३७ फुटांत एक फूट इतका कडक.

त्या पहिल्या रुळाला मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. वळण घ्यायला डोंगरात जागाच नव्हती. म्हणून गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायला लागायची. १९२०च्या दशकाच्या शेवटी नवे बोगदे झाले, रुळाची वाट बदलली आणि हे स्टेशन इतिहासजमा झालं. त्या बोगद्यांच्या कामात सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांचा मोठा वाटा होता. तेव्हा घाट चढण्याच्या आपल्यासमोर तीन वाटा झाल्या: पालखीची, रिव्हर्सिंग स्टेशनची आणि बोगद्यांची.

प्रश्न असा. एक टन वजन या तीन वाटांनी वर नेलं, तर गुरुत्वाकर्षणाच्या वहीत कुठली वाट महाग पडली?

उत्तर: तिन्ही सारख्याच. कारण गुरुत्वाचा बाण सरळ खाली आहे. आडवं पाऊल टाकलं की त्याच्या वहीत शून्य. वर चढलं की खर्च, खाली उतरलं की तेवढीच जमा. वाट कितीही वळली, मध्ये कितीही वर-खाली झाली, तरी शेवटी उरतो तो फक्त उंचीचा फरक. करून बघा: १,००० किलो गुणिले ९.८ गुणिले ५५८ मीटर. साधारण ५५ लाख ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे हे झालं दीड युनिट. गुरुत्वाच्या दृष्टीने हे कार्य ऋण आहे, कारण बाण खाली आणि आपण वर. पण आकडा तोच.

मग नवे बोगदे कशासाठी खणले? वेळ वाचावा, इंजिन काढण्या-जोडण्याचा त्रास जावा, म्हणून. या गोष्टी गुरुत्वाच्या वहीत लिहिल्याच जात नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याकडे परत येणार आहोत.

असं का होतं?

ज्या क्षेत्रात रेषा-समाकल फक्त दोन टोकांवर ठरतो, त्याला कॉन्झर्व्हेटिव्ह क्षेत्र म्हणतात. राखणारं क्षेत्र म्हणा हवं तर. दिलेलं सगळं राखून ठेवतं आणि परत देतं.

असं क्षेत्र ओळखायची खूण काय? त्याच्या मागे एक उंची लपलेली असते. उंची म्हणजे प्रत्येक बिंदूला दिलेली एक संख्या. तिला आपण फ म्हणू. या फ चा उतार जिथे जसा आहे, तसा तिथला बाण. उताराला आपण ग्रेडियंट म्हणतो, आणि फ ला पोटेन्शियल. भौतिकशास्त्रातली स्थितिज ऊर्जा हीच, फक्त चिन्ह उलट.

आता बारीक पाऊल टाका. बाण आणि पाऊल यांचा गुणाकार म्हणजे त्या पावलात फ किती बदलला, तेवढंच. दुसऱ्या पावलात आणखी बदल. सगळे बदल मिळवले की काय उरतं? बँकेचं पासबुक डोळ्यांसमोर आणा. महिनाभरातली प्रत्येक जमा आणि प्रत्येक खर्च मिळवा. येणारी बेरीज म्हणजे महिनाअखेरची शिल्लक वजा महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक. मधल्या नोंदी शंभर असोत की दोन. म्हणून

रेषा-समाकल = फ(ब) − फ(अ).

शाळेत शिकलेला कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धांतच हा. तिथे सरळ अक्षावर होता, इथे वाकड्या वाटेवर आला, इतकंच.

आणि यातून लगेच निघतं की बंद फेरी मारून जागेवर आलात तर उत्तर शून्य. गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात, ६८ लिंगांना जातात आणि परत वाड्यात येतात. गुरुत्वाच्या वहीत त्या संपूर्ण फेरीची बेरीज शून्य. मग मानकऱ्यांचे खांदे का भरून येतात? तेही शेवटी बघू.

एक गणित, पूर्ण

आता वही काढा. क्षेत्राचे दोन घटक असे दिलेत:

पहिला घटक = २·क्ष·य + ३
दुसरा घटक = क्ष² + ४·य

आणि वक्र असा: क्ष = ट + साइन(पाय·ट), य = २·ट³, ट शून्यापासून एकपर्यंत.

सरळ वक्रात भरायला गेलात तर साइनचे वर्ग, त्यांना ट च्या घातांचे गुणाकार, असं प्रकरण होतं. सुटतं, पण अर्धा तास जातो आणि चिन्ह कुठेतरी चुकतंच. म्हणून थांबा आणि आधी तपासा.

तपासणी: पहिल्या घटकाचं य च्या संदर्भात पार्शल डेरिव्हेटिव्ह घ्या. २·क्ष. दुसऱ्याचं क्ष च्या संदर्भात घ्या. २·क्ष. दोन्ही सारखे. शिवाय हे घटक साध्या बहुपदी आहेत, प्रतलात कुठेही बिघडत नाहीत. म्हणजे क्षेत्र राखणारं आहे आणि फ नक्की सापडणार.

फ शोधू. पहिल्या घटकाचं क्ष च्या संदर्भात समाकलन करा: क्ष²·य + ३·क्ष. इथे एक स्थिरांक यायला हवा. पण आपण य ला गोठवून ठेवलं होतं, त्यामुळे हा स्थिरांक य वर अवलंबून असू शकतो. त्याला ग(य) म्हणा. आता या फ चं य च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्या: क्ष² + ग′(य). हे दुसऱ्या घटकाइतकं असायला हवं, म्हणून ग′(य) = ४·य आणि ग(य) = २·य². तेव्हा

फ = क्ष²·य + ३·क्ष + २·य².

टोकं बघा. ट = ० ला (०, ०). ट = १ ला साइन(पाय) शून्य होतो, म्हणून (१, २). फ(१, २) = २ + ३ + ८ = १३. फ(०, ०) = ०. उत्तर १३.

विश्वास बसत नाही? मग दुसऱ्या वाटेने जा. आधी आडवं (०, ०) ते (१, ०): तिथे य शून्य, पहिला घटक ३, बेरीज ३. मग उभं (१, ०) ते (१, २): दुसरा घटक १ + ४·य, त्याचं समाकलन २ + ८ = १०. एकूण १३. ही पडताळणी दोन ओळींची आहे. परीक्षेत कच्च्या कामात करायची सवय लावा.

चुका कुठे होतात तेही सांगतो. काही जण ग(य) विसरतात आणि उत्तर ५ आणतात. काही जण दोन्ही घटकांची वेगवेगळी समाकलनं करून सरसकट बेरीज करतात. त्यात क्ष²·य दोनदा येतो आणि उत्तर १५ होतं. क्ष²·य ही एकच उंची आहे, ती दोन्ही बाजूंनी दिसते, पण मोजायची एकदाच.

सिद्धेश्वराभोवतीची फेरी

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू.

दोन डेरिव्हेटिव्ह सारखे आले म्हणजे क्षेत्र राखणारं, असं पाठ करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे क्षेत्र:

पहिला घटक = −य ÷ (क्ष² + य²)
दुसरा घटक = क्ष ÷ (क्ष² + य²)

डेरिव्हेटिव्ह काढून बघा. दोन्ही (य² − क्ष²) ÷ (क्ष² + य²)² येतात. अगदी सारखे. आता केंद्राभोवती एक त्रिज्येचं वर्तुळ घ्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरा. त्या वर्तुळावर बाणाची लांबी एक आणि दिशा नेमकी पावलाची. सगळी जमाच. बेरीज परिघाएवढी, म्हणजे २ गुणिले पाय, सुमारे ६.२८. बंद फेरी आणि उत्तर शून्य नाही!

चूक कुठे झाली? आपल्या सिद्धेश्वर मंदिराकडे बघा. मंदिर तळ्याच्या मधोमध. समजा तुम्ही तळ्याच्या काठावरून चालताय आणि सतत मंदिराच्या शिखराकडे बोट दाखवताय. हे क्षेत्र मोजतं ती गोष्ट एवढीच: मंदिराभोवती तुम्ही किती अंश सरकलात. म्हणजे इथे फ हा कोन आहे.

आता दोन फेऱ्या मारू, मनातल्या मनात. पहिली फेरी शेजारच्या भुईकोट किल्ल्याभोवती. मंदिर या फेरीच्या बाहेर राहतं. तुमचं बोट थोडं डावीकडे जाईल, थोडं उजवीकडे येईल, आणि फेरी पूर्ण झाली की मूळ जागी. एकूण शून्य. दुसरी फेरी तळ्याभोवती. मंदिर फेरीच्या आत. आता तुम्ही जागेवर परत आलात, बोटही तिथेच आलं, पण मधल्या वेळात ते पूर्ण ३६० अंश फिरून आलंय. प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या दिशेने गेलात तर उत्तर ऋण, उलट गेलात तर धन. शून्य मात्र नाही.

फरक कशाचा? केंद्रबिंदूवर क्ष² + य² शून्य होतो, भागाकार करता येत नाही, क्षेत्रच तिथे नाही. प्रदेशाला भोक आहे. डेरिव्हेटिव्हची तपासणी प्रत्येक बिंदूच्या जवळपासचं सांगते: इथे भोवरा नाही, तिथे भोवरा नाही. ग्रीनचा सिद्धांत सांगतो की फेरीच्या आतले सगळे बारीक भोवरे मिळवले की फेरीची बेरीज येते. पण आतल्या एका बिंदूवर क्षेत्रच नसेल, तर त्या बिंदूचं काय मिळवणार? भोवरा सगळा तिथेच लपून बसलेला असतो.

म्हणून नियम पूर्ण म्हणायचा: डेरिव्हेटिव्ह सारखे आणि प्रदेश भोक नसलेला. तरच रस्ता विसरायची परवानगी. प्रदेशाला भोक असेल तर मंदिरापासून क्षितिजापर्यंत एक भिंत घातली आहे आणि ती ओलांडायची नाही, असं ठरवा. मग फेरीच पूर्ण करता येणार नाही, कोन नीट ठरेल आणि दोन टोकांचं सूत्र पुन्हा चालेल.

हा नुसता पुस्तकी खेळ नाही. सरळ तारेतून वीज वाहते तेव्हा तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र नेमकं याच आकाराचं असतं. तार म्हणजे मंदिर. तारेला फेरी घाला, शून्य येत नाही. जे येतं त्यावरून तारेतला विद्युतप्रवाह मोजतात. इलेक्ट्रिशियन तार न तोडता भोवती चिमटा लावून अँपिअर वाचतो, त्यामागे हेच आहे.

राखत नाही ते

काही क्षेत्रांत भोक नसतं, तरीही ती राखणारी नसतात. (−य, क्ष) घ्या. डेरिव्हेटिव्ह −१ आणि १. (१, ०) पासून (−१, ०) पर्यंत वरच्या अर्धवर्तुळाने गेलात तर अधिक पाय, खालच्याने गेलात तर उणे पाय. इथे रस्ता विसरलात की उत्तर गेलं.

घर्षणाचं तर विचारूच नका. पुढे जाताना ते अडवतं आणि परत येतानाही अडवतं. त्याच्या वहीत जमेचा रकानाच नाही. पण न राखणाऱ्या क्षेत्रांना नावं ठेवू नका. आपल्या यंत्रमागाची मोटर गोल फिरत राहते ती बदलत्या चुंबकीय क्षेत्रांमुळे, आणि त्यातून तयार होणारं विद्युत क्षेत्र राखणारं नसतं. फॅरेडेने १८३१ मध्ये हे दाखवलं. एका फेरीची बेरीज शून्य असती, तर प्रत्येक फेरीत मागाला काम कुठून मिळालं असतं? सोलापूरची चादर विणली जाते ती फेरी शून्य येत नाही म्हणून.

एक प्रश्न

श्रोत्यांमधून प्रश्न आला आहे: "परीक्षेत वक्र दिलेला असतो. तो वापरलाच नाही तर गुण जातात का?"

जात नाहीत, पण का वापरला नाही ते लिहा. तीन पायऱ्या: क्षेत्र राखणारं आहे हे दाखवा, प्रदेशाचा उल्लेख करा, मग फ काढून टोकं घाला. वक्राने तुम्हाला टोकं दिली आणि दिशा दिली. टोकं उलटी घातली की चिन्ह उलटतं, तिथे मात्र गुण जातात. आणि तीन मितींत एकाऐवजी तीन जोड्या तपासायच्या, म्हणजेच कर्ल शून्य आहे का ते बघायचं.

शेवटी खांद्यांकडे

आता राहिलेली उधारी फेडू. सांगोला, मंगळवेढा या बाजूला उन्हाळ्यात पाण्याची काय अवस्था होते, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. समजा वीस मीटर खोल विहिरीतून पंधरा लिटरचा हंडा वर काढला. गुरुत्वाच्या वहीत २,९४० ज्यूल. विजेच्या एका युनिटात असे बाराशेच्या वर हंडे वर येतील. आणि तो हंडा डोक्यावर घेऊन सपाट वाटेने दोन किलोमीटर चालत घरी नेला? गुरुत्वाच्या वहीत शून्य. अर्धा किलोमीटर? तरी शून्य.

गणित बरोबर आहे. पण म्हणून त्या बाईने काही केलं नाही असं म्हणाल का? स्नायू नुसतं वजन धरून ठेवायलाही ऊर्जा खर्च करतात आणि ती उष्णता होऊन जाते. ती परत येत नाही. नंदीध्वजाच्या मानकऱ्यांचे खांदे त्यामुळेच भरून येतात. शरीराचा हिशेब राखणारा नाही. तिथे प्रत्येक पाऊल मोजलं जातं, रस्ता लांबला की खर्च वाढतो.

बोरघाटात आपण म्हणालो होतो, काही गोष्टी गुरुत्वाच्या वहीत लिहिल्या जात नाहीत. दोन टोकांचं सूत्र फार कामाचं आहे, पण ते एका क्षेत्राचा हिशेब देतं. कुणी फक्त टोकं दाखवून सांगितलं की वाटेने काही फरक पडत नाही, तर आधी विचारा: कुणाच्या वहीत?

पुढच्या वेळी ग्रीनचा सिद्धांत नीट सिद्ध करू. तोपर्यंत (२·क्ष·य, क्ष² − य²) या क्षेत्राचा फ काढून ठेवा.